साठ दिवसांचं सील

शेडमध्ये त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला दाखवराव म्हणत, कारण कुणी काहीही सांगितलं की त्याच्या तोंडून पहिला शब्द यायचा, "दाखव." मुलगी पास झाली म्हटलं, दाखव. पाय मुरगळला म्हटलं, दाखव. एकानं येऊन सांगितलं की मला मुलगा झाला, तरी हा सवयीनं म्हणालाच, दाखव. तो बापडा महिन्याभरानं खरंच टोपडं घातलेलं पोर घेऊन शेडच्या दारात उभा राहिला.

कामच तसं होतं त्याचं. तो तपासनीस होता. क्रेनच्या साखळ्या आणि आकडे तपासून त्यांना शिक्का मारायचा. साखळी आली की आधी तारेच्या ब्रशनं घासायची, मग रॉकेलमध्ये बुडवून ठेवायची, पुसून कोरडी करायची आणि कडीन् कडीला खडूची पूड चोळायची. कडीला केसाएवढा तडा असला तरी आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर पाझरतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. त्यानंतर ताणयंत्रावर चढवून दुप्पट ओझं द्यायचं. एवढ्यातून सुटली तरच साखळीला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्याच्या तारेवर शिशाची गोळी आणि त्या गोळीवर पकडीनं दाबलेला ठसा. ठशात तीन गोष्टी असायच्या: शेडचा नंबर, त्याची स्वतःची खूण आणि महिन्याचं अक्षर.

"साखळी दारात आली की ती तुटकी आहे असंच धरायचं," तो नव्या माणसाला सांगायचा. "चांगली आहे हे तिनं दाखवायचं. वाईट आहे हे मी कशाला दाखवत बसू?"

देवाबद्दलही त्याचं मत हेच होतं, आणि ते तो लपवून ठेवत नसे.

शेजारच्या भट्टीवर त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. झिजलेल्या कड्या तापवून बदलायचं काम त्याचं. हातोडा उचलायच्या किंवा क्रेनच्या साखळीखाली जायच्या आधी तो डोळे मिटून क्षणभर उभा राहायचा, म्हणून त्याला सगळे भगत म्हणत. भगतानं जोडायचं आणि दाखवरावानं तपासायचं, असं सव्वीस वर्षं चाललं होतं. दुपारी चहाला दोघं शेडच्या बाहेरच्या बाकावर बसले की बाकीचे आपापले कप घेऊन भोवती जमायचे, कारण तमाशा फुकट होता.

"दाजी, कोर्टात उलटं असतं," भगत एकदा म्हणाला. "तिथं माणूस निर्दोष धरतात. गुन्हा केलाय हे सरकारनं दाखवायचं. मग माझ्या देवाला तुम्ही साखळी का करता? आरोपी करा की."

"आरोपी निदान पिंजऱ्यात उभा असतो. तुझा कुठं उभाय?"

बाकावर हशा पिकला. भगतही हसला, पण सोडणारा नव्हता.

"हसा. पण ऐका. साखळी फसली तर खालचा माणूस मरतो, म्हणून भार साखळीवर. कोर्ट फसलं तर निर्दोष माणूस लटकतो, म्हणून भार सरकारवर. म्हणजे चूक झाली तर जिकडं नुकसान जास्त, ते बघून भार टाकायचा. बरोबर?"

"बरोबर," तपासनीस सावध होत म्हणाला. भगताचं डोकं भट्टीवर वाया गेलं असं त्याला मनातून वाटत असे.

"मग मी देव धरला आणि तो नसला, तर कोण मेलं?"

"कुणी नाही. पण कुणी मरणार नाही म्हणून मी बिल्ला लावत नसतो."

"तुम्ही ना दाजी, वर गेलात तरी दारातच उभं राहाल. म्हणाल, आधी आतल्यानं ओळखपत्र दाखवावं."

असं चालायचं. कुणी कुणावर रागावत नसे. संध्याकाळी दोघं एकाच वाटेनं घरी जायचे, आणि वाटेत भगताच्या दारात त्याची बायको शिवणयंत्र थांबवून विचारायची, "आज कोण जिंकलं?" दोघंही म्हणायचे, मी.

ती आजारी पडली आणि तीन महिन्यांत गेली.

चौदाव्या दिवशी भगत कामावर आला. भट्टी पेटवली, दुपारी बाकावर येऊन बसला. त्या दिवशी कुणी विनोद केला नाही. चहा अर्धा झाल्यावर तो एकदम म्हणाला, "दाजी, ती कुठंतरी असेल ना?"

सगळ्यांनी कपात बघायला सुरुवात केली. तपासनिसाला वाटलं, नेहमीसारखं बोललं तर बरं. हा चिडेल, उलटं बोलेल, अंगात जरा ऊब येईल. तो म्हणाला, "आहे असं तू म्हणतोस ना? मग तू दाखव."

भगतानं कप खाली ठेवला. भट्टीच्या धुराड्याकडं बघितलं. मग म्हणाला, "बरोबर आहे तुमचं."

सव्वीस वर्षांत हे तो पहिल्यांदा म्हणाला होता. तपासनिसाला त्याच वेळी आपलं चुकलं हे कळलं, पण बोललेला शब्द काही परत तोंडात घालता येत नाही.

त्यानंतर भगताचं डोळे मिटून उभं राहणं थांबलं. मग काम थांबलं. मग जेवण कमी होत होत दोन घासांवर आलं. बहीण रोज डबा घेऊन जायची आणि भरलेला परत आणायची. डॉक्टरनं रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला आणि सांगितलं, "रोग काही नाही. जगायची इच्छा पाहिजे, आणि तिची बाटली मिळत नाही. असंच चाललं तर दोन-तीन महिने."

त्या दिवशी तपासनिसाच्या बायकोनं भरलेला डबा त्याच्या पुढ्यात आपटला.

"जिंकलात ना? आता बक्षीस घेऊन या."

"अगं, मी काय केलं?"

"त्याच्याजवळ जे होतं ते तुम्ही नेलंत."

"मी काही नेलं नाही. मी फक्त विचारलं."

"विचारलंत! छप्पर धरून उभ्या असलेल्या खांबाला कुणी विचारतं का, बाबा रे, तू कशावर उभा आहेस? आणि वर हलवून बघतं? तेही पाऊस पडत असताना?" तिनं पदरानं नाक पुसलं. "मला तुमचं ते भार कुणावर आणि पुरावा कुणावर काही कळत नाही. तुम्ही नेलंत, तुम्ही परत आणून द्या. माझा एकच भाऊ आहे."

सुटीच्या दिवशी सकाळी तो भगताकडं गेला. जाताना वाटेत त्यानं देवाच्या बाजूचे मुद्दे मनात मांडून ठेवले होते. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या बाजूनं बोलणार होता.

भगत खिडकीजवळच्या खुर्चीत होता. गळ्याची हाडं वर आली होती. शिवणयंत्रावर चादर घातलेली होती.

"हे बघ," तपासनीस बसता बसता म्हणाला, "दिसत नाही म्हणजे नाहीच, असं नसतं."

"पण म्हणून आहे, असंही नसतं. तुम्हीच सांगितलंय."

"एवढी माणसं जगभर मानतात. सगळी काय वेडी आहेत?"

"शंभर जणांनी हात लावला म्हणून झिजलेली कडी भरत नाही. हेही तुमचंच."

"मानल्यानं माणसाला बरं वाटतं, हे तरी खरं ना?"

"खोट्या शिक्क्यानंही बरं वाटतं, दाजी. साखळी तुटेपर्यंत."

तपासनिसाच्या कपाळावर घाम आला. सव्वीस वर्षं त्यानं एकेक मुद्दा घासून धार लावली होती, आणि तेच आता समोरच्या खुर्चीतून एकेक करून बाहेर येत होते. शेवटी तो म्हणाला, "बरं, मग नाही हे तरी कुणी दाखवलंय? मी दाखवलं का कधी?"

बोलून झालं आणि त्याचे कान तापले. असं बोलणाऱ्याला तो बाकावर सळो की पळो करून सोडायचा. भगतानं त्याच्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत कीव होती.

"तुम्हाला जमत नाही हो हे," तो म्हणाला. "राहू द्या. त्यापेक्षा माझं एक काम करा. मला तपासणी लावून द्या."

"कसली?"

भगत भिंतीला धरून उठला. भिंतीवर काचेच्या दाराचं औषधाचं छोटं कपाट होतं. त्यानं ते आधीच रिकामं करून ठेवलं होतं. आत फळीवर दोन बशा होत्या, एक डावीकडं, एक उजवीकडं. डाव्या बशीत शिवताना बोटावर घालायची पितळी टोपी होती. त्याच्या बायकोनं ती तीस वर्षं वापरली होती आणि सुईच्या टोकांनी तिला सगळीकडून बारीक खड्डे पडले होते.

"ही डावीकडून उजवीकडं न्यायची. एवढंच," भगत म्हणाला. "मी कात्री ठेवणार होतो. पण कात्री जड. ही हलकी आहे, तिला झेपेल."

तपासनिसानं टोपीकडं पाहिलं, मग काचेच्या दाराकडं.

"दाराला तुमचं सील लावा. तुमच्या पकडीला हात लावायची कुणाची हिंमत नाही. मुदत तुम्ही ठरवा. तुम्हीच म्हणता ना, आधी अटी ठरवायच्या, मग ओझं चढवायचं."

"साठ दिवस," तपासनीस म्हणाला. मनात हिशेब होता की साठ दिवस तरी हा वाट बघेल, आणि वाट बघणारा माणूस जेवतो. "आणि जागेवर राहिली तर?"

"तर नाही. मग मी तुमच्याशी वाद घालणार नाही, आणि ताईलाही त्रास देणार नाही."

त्यातला दुसरा अर्थ दोघांनाही कळला. संध्याकाळी तपासनिसानं पकड आणली, कपाटाच्या कडीतून तार ओवली, शिशाची गोळी बसवली आणि दाबली. खरं सांगायचं तर अटी इतक्या चोख असलेली तपासणी त्यानं शेडबाहेर कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या कुणाची असती तर त्यानं पाठ थोपटली असती.

पहिले वीस दिवस भगत जेवला. खुर्ची कपाटासमोर आणून बसायचा. बहीण म्हणायची, "बघ, रंग आलाय तोंडावर." मग पुन्हा घास कमी झाले. चाळिसाव्या दिवसापासून तो खुर्चीत झोपायला लागला. पन्नासाव्या दिवशी तपासनीस भेटायला गेला तेव्हा भगत म्हणाला, "दहा राहिले," आणि ते असं म्हणाला, जसं कामाची पाळी संपायला वेळ किती राहिला ते सांगावं.

त्रेपन्नाव्या दिवशी बहीण त्याला सलाईन लावायला दवाखान्यात घेऊन गेली. दुपारचे दोन वाजले होते. तपासनिसानं शेडमध्ये सांगितलं की दाढ दुखतेय. डब्याच्या पिशवीत पकड, तार आणि शिशाची एक गोळी घेऊन तो भगताच्या घरी आला. किल्ली बायकोच्या जुडग्यातून सकाळीच काढून ठेवली होती.

तीस वर्षांत त्यानं एकही खोटा शिक्का मारला नव्हता. मालकानं एकदा नोकरीची धमकी दिली होती, तेव्हाही नाही. आता त्यानं तार कापली. दार उघडलं तशी आतून शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला. टोपी उचलून त्यानं सहज करंगळीवर घालून पाहिली. नखाच्या पुढं गेली नाही. इतकी लहान बोटं होती तिची, हे त्याला आजवर माहीत नव्हतं. टोपी उजव्या बशीत ठेवली, डाव्या बशीतली धूळ जराही पुसली जाणार नाही अशा बेतानं. नवी तार ओवली, नवी गोळी, पकड दाबली. सगळं मिळून चार मिनिटं. जमिनीवर पडलेला तारेचा तुकडा खिशात घातला आणि तो पुन्हा कामावर गेला. हात कुठंही थरथरला नाही, याचंच त्याला वाटेत वाईट वाटलं.

साडेचारला शेजारचा न्हावी धापा टाकत शेडमध्ये आला. "दाखवराव, चला! तुमच्या मेहुण्याच्या घरी... तुम्ही बघाच!"

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. न्हावी, वरच्या मजल्यावरची नर्सबाई, पूर्वी शिवायला कपडे टाकणाऱ्या चार-पाच बायका. त्याची बायको कपाटासमोर हुंदके देत उभी होती, पण तिचा चेहरा असा उजळला होता की लग्नानंतर त्यानं तो तसा पाहिला नव्हता. "अहो, हलली! आम्ही दार उघडून आत आलो, मी सहज बघितलं, आणि... हलली हो!"

भगत खुर्चीत होता. त्यानं चष्मा लावला होता.

"थांबा, थांबा," न्हावी म्हणाला. "आधी दाखवरावांना बघू द्या. सील त्यांचं आहे. ते म्हणतील तर खरं."

"हो ना," नर्सबाई म्हणाल्या. "ज्यानं जन्मात हात जोडले नाहीत त्यानं सांगितलं तर कोण नाही म्हणेल? देवानंसुद्धा साक्षीदार कसा निवडून घेतलाय."

माणसं बाजूला झाली. तपासनिसानं खिशातून भिंग काढलं. असं करायचं ठरवलंच होतं त्यानं. गंभीरपणे सील बघायचं, गप्प व्हायचं आणि मान डोलवायची. त्यानं गोळी दोन बोटांत धरली आणि भिंग डोळ्याला लावलं.

शेडचा नंबर होता. त्याची खूण होती. आणि महिन्याचं अक्षर होतं, या महिन्याचं.

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी शेडमधलं पहिलं काम म्हणजे पकडीतलं अक्षर बदलणं. तीस वर्षं न चुकता. कपाटाला सील लावलं त्याला त्रेपन्न दिवस झाले होते, आणि मध्ये अक्षर दोनदा बदललं होतं. त्यानं सगळ्याचा विचार केला होता. धुळीचा, तारेच्या तुकड्याचा, दाढेचा. ठशावरची तारीखही खोटी करावी लागते हे मात्र त्याच्या डोक्यातच आलं नाही, कारण तसं करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

मागं सगळे श्वास धरून उभे होते. त्याला बायकोचा हुंदका ऐकू आला.

"शाबूत आहे," तो म्हणाला.

एकच गलका झाला. कुणी डोळे मिटले, कुणी रडायला लागलं. न्हाव्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "आज दाखवरावांना दाखवलं बघा!" तो वळला तेव्हा गर्दीच्या फटीतून भगत त्याच्याकडं बघत होता. भगतानं जपून चष्मा काढला, मिटला आणि खिशात ठेवला.

माणसं गेली. बहीण आनंदानं स्वयंपाकघरात गेली, आज तो जेवणारच म्हणून. दोघं खोलीत राहिले.

"दाजी, महिना कोणता हा?" भगतानं हळू आवाजात विचारलं.

तपासनीस खाली बसला. खुर्ची नव्हती, तो जमिनीवरच बसला.

"दवाखान्यातून आल्या आल्या मी बघितलं," भगत म्हणाला. "तुमचे शिक्के सव्वीस वर्षं वाचतोय. साखळीखाली उभं राहायच्या आधी मी काय बघत होतो असं वाटतं तुम्हाला? डोळे मिटून देवाला म्हणायचो, तू आहेस. मग डोळे उघडून तुमचा शिक्का बघायचो, आणि मगच पाय पुढं टाकायचो."

"तू जेवावंस म्हणून केलं रे."

"ते कळलं."

"मला दुसरं काही सुचलं नाही. तुझी बहीण..."

"ते पण कळलं. मी रागावलो नाही." तो थांबला. दम लागला होता. "पण सात दिवस राहिले होते, दाजी."

तपासनिसाला आधी त्याचं म्हणणं समजलं नाही.

"सात दिवसांत आली असती कदाचित. शेवटच्या दिवशी आली असती. तिला कुठलीही गोष्ट आयत्या वेळेला करायची सवय. लग्नालाही उशिरा आली होती, स्वतःच्या." भगत थोडं हसला. "आता कसं कळणार? आता ती आली आणि टोपी परत डावीकडं ठेवली, तरी मला वाटणार दाजींनी ठेवली."

"पुन्हा लावू. पुन्हा साठ दिवस. मी पकड तुझ्याकडंच देतो. दुसऱ्या कुणाचं सील..."

"साठ दिवस माझ्याकडं आहेत का? बघा माझ्याकडं. तपासा."

तपासनिसानं पाहिलं. तपासायला काही राहिलं नव्हतं. मनगट त्या खुर्चीच्या हातापेक्षा बारीक होतं.

"नाही हे कळलं असतं तरी चाललं असतं," भगत म्हणाला. "मी तयार होतो. मला फक्त कळायला पाहिजे होतं. तुम्ही तेवढंसुद्धा राहू दिलं नाहीत." मग स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला तसा तो पुढं झुकला. "ताईला सांगू नका. किती दिवसांनी गुणगुणतेय ती, ऐका. तिनं बघितलंय तर बघितलंय. आणि मी जेवेन. तिच्या समोर."

तो जेवला. बहिणीच्या समोर चार घास खायचा, हसायचा, "हो, आली होती," म्हणायचा. बहीण गेली की न्हाणीत जाऊन ओकायचा. तपासनीस रोज यायचा. दोघं बाकावर बसल्यासारखे शेजारी शेजारी बसायचे. वादाला विषय नव्हता. एकदा तपासनीस म्हणाला, "काहीतरी बोल. मला शिव्या दे."

"कशावरून देऊ?" भगत म्हणाला. त्याच्यात तेवढीच गंमत उरली होती.

नवव्या दिवशी सकाळी तो गेला. बहीण रडली, पण मोडली नाही. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "सुखानं गेला हो. त्याला कळलं होतं ती आहे म्हणून. आमच्या ह्यांनी स्वतः सील तपासलं." आणि माणसं तपासनिसाकडं बघून मान डोलवत होती. त्यानं सव्वीस वर्षं देव नाही म्हटलं होतं, त्याची आता साक्षीला मदत होत होती. तो जितका खोल गप्प राहायचा तितका लोकांना पुरावा पक्का वाटायचा.

शेडमध्ये तो कामावर जात राहिला. फक्त एक फरक पडला. साखळी तपासून झाली, बिल्ला लावला, ठसा मारला की तो काही वेळ ती हातात घेऊन उभा राहायचा आणि पुन्हा सोडवून रॉकेलमध्ये टाकायचा. एका साखळीला दोन दिवस लागायला लागले. महिन्याभरानं मालकानं त्याला बोलावून समजुतीच्या सुरात घरी बसायला सांगितलं. पकड मात्र जमा करून घ्यायला मालक विसरला.

घरी बसल्यावर चौथ्या दिवशी दुपारी त्याला भिंतीत खिळा ठोकल्याचा आवाज आला. तो स्वयंपाकघराच्या दारात गेला. बायकोनं भगताच्या घरातलं कपाट आणून चुलीच्या बाजूच्या भिंतीवर लावलं होतं. काच पुसून लख्ख केली होती. आत दोन बशा होत्या, आणि डाव्या बशीत भगताचा चष्मा होता.

"हातोडा ठेवणार होते," ती म्हणाली. "पण त्याच्या अंगात शेवटी कुठं ताकद होती. चष्मा बरा. तुमची पकड आहे ना? सील लावून द्या."

तो उंबऱ्यावरच उभा राहिला. सांगायचं वाक्य त्याच्याजवळ तयार होतं. रोज रात्री कूस बदलताना तो ते जुळवत असे. फार मोठं नव्हतं, सहा-सात शब्दांचं होतं. ते वाक्य बोललं की तिच्या भावाचं सुखानं जाणं संपणार होतं, भावजयीचं येणं संपणार होतं आणि ती एवढ्या वयात रिकाम्या घरात त्याच्यासोबत उरणार होती.

"मुदत किती?" त्यानं विचारलं.

"मुदत कशाला? तो येईल त्याच्या सवडीनं. मला काय घाई आहे? मी इथंच तर असते दिवसभर." तिनं काचेवर राहिलेला एक डाग पदरानं पुसला. "आता तुमचाही विश्वास बसलाय म्हटल्यावर मला धीर आहे."

त्यानं पकड आणली. कडीतून तार ओवली. ती शेजारी येऊन उभी राहिली आणि वाकून बघायला लागली.

"घट्ट ओढा," ती म्हणाली. "नाहीतर लोक म्हणायचे, घरातल्याच कुणीतरी उघडलं."